केमच्या चौघी

आमच्या ह्यांनी जन्मात कुणाचं डोकं मोजलं नाही, तरी सोसायटीत त्यांना ‘कवट्यावाले सर’ म्हणत. त्यात थोडा हात माझाही होता. शेजारीण विचारायची, सर नेमकं करतात काय? आणि मी वैतागून सांगायची, "कवट्या." खरं म्हणजे ते इतिहासाचे प्राध्यापक. शास्त्राच्या नावाखाली गावोगाव फिरून माणसांची डोकी, नाकं, कपाळं मोजणारी मंडळी एकेकाळी होती, त्यांचा इतिहास ते लिहीत होते. ही मंडळी पितळी चिमट्यासारखं एक हत्यार घेऊन गावात उतरायची, जातवार माणसं रांगेत उभी करायची, नाकाची रुंदी कागदावर मांडायची आणि त्यावरून कोण कुठल्या वंशाचा ते ठरवून मोकळी व्हायची. ह्यांना त्याचा इतका संताप की जेवताना विषय निघाला तर ताटातली भाकरी तशीच राहायची. मी म्हणायची, "अहो, ते लोक कधीच मेले, तुम्ही तरी जेवा."

अशाच एका मोजणाऱ्या साहेबाच्या नातवानं माळा आवरताना सापडलेली ट्रंक ह्यांना देऊन टाकली. तिच्यात आपल्याच जिल्ह्यातल्या गावांचे मोजणीचे कागद होते आणि इंग्रज जायच्या सुमारास काढलेले माणसांचे फोटो. नाव कुणाचंच नाही. प्रत्येकाच्या हातात पाटी, पाटीवर खडूनं आकडा, आणि गाव बदललं की आकडा पुन्हा एकपासून सुरू. आमचे हे ते फोटो पिशवीत घालून वीस वर्षं एसटीनं हिंडले. पारावर, ओट्यावर बसायचे आणि म्हाताऱ्या माणसांपुढे एकेक फोटो धरायचे. कुणी ओळखलं की घरी येऊन त्या माणसाचं कार्ड लिहायचे. नाव, माहेर, सासर, कुणी ओळखलं ते. मग कार्ड, मोजणीचा कागद आणि फोटो टाचणीनं एकत्र लावायचे आणि गावागावाचं गाठोडं चादरीच्या काठाच्या पट्टीनं बांधून ठेवायचे.

जुन्या फोटोवर पेन टेकवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. कार्डावर आकडा घालायचा नाही, हा हट्ट होता. मी एकदा म्हटलं, "नंबर टाका की कार्डावर, उद्या चुकामूक व्हायला नको." तर म्हणाले, "अगं, त्या नंबरातनंच तर बाहेर काढतोय तिला." मला तेव्हा ते आवडलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

माघात ते गेले. पंधरा-वीस दिवसांनी पुण्याच्या एका संशोधन संस्थेच्या दप्तरखान्यातून मॅडमचा फोन आला. सरांचे कागद आम्ही सांभाळू, तुम्ही फक्त कशाकशाचे आहेत त्याची यादी पाठवा. मी म्हटलं, यादीच कशाला, सगळं लावूनच देते. मी टपालखात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी सॉर्टिंगला. एका हातात पत्रांचा गठ्ठा आणि डोळ्यापुढे खण असले की मला दुसरं काही सुचत नसे. ह्यांची ती खोली मला लग्न झाल्यापासून डोळ्यात खुपत होती. जिवंतपणी त्यांनी मला एका कागदाला हात लावू दिला नाही. आता अडवायला कोण होतं.

उन्हाळाभर मी तेच केलं. पंख्यानं कागद उडतात म्हणून पंखा बंद करून, घामाघूम होऊन केलं. पट्ट्या सोडल्या. गंजक्या टाचण्या काढल्या. कार्डं कार्डांत, आडनावांप्रमाणे. मोजणीचे कागद आकड्यांप्रमाणे. बायकांचे फोटो एका डब्यात, पुरुषांचे दुसऱ्या, तेही आकड्यांप्रमाणे. गाठोड्यांत एसटीची जुनी तिकिटं निघाली, त्या साहेबाची गावांची नावं लिहिलेली फाटकी पाकिटं निघाली, ती सगळी रद्दीत घातली. आयुष्यभर पाकिटावरचा पत्ता वाचून पोट भरलेल्या बाईनं पाकिटं रद्दीत घातली. खोली आरशासारखी झाली. मी दारात उभी राहून मनात म्हटलंसुद्धा, बघा, याला म्हणतात काम.

जूनमध्ये एक म्हातारा आला. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. केम गावाहून सकाळच्या गाडीनं आला होता. "सर हायेत का?" त्यानं विचारलं. सर गेल्याचं मी सांगितल्यावर तो उंबऱ्यातच टेकला.

"आमाला कुटं कळतंय वो," तो म्हणाला. "माज्या आईचा फोटू हाय सरांकडं. आमच्या आत्यानं वळखला हुता. सर तिला म्हनले, पोराला पाटवा, त्याला कापी करून देतो. मी तवा माळशिरसकडं कारखान्यावर हुतो. मग ह्ये ना त्ये, यायचं ऱ्हाऊनच गेलं. आता आत्याबी न्हाय."

मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. तो सांगत राहिला. तो दीड वर्षाचा असताना आई गेली. बापानं दुसरं लग्न केलं आणि पहिलीचं घरात काही ठेवलं नाही. "तिचं तोंड कसं हुतं, मला म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "आता पंच्याहत्तरी झाली माजी. लई वाटतंय बगावं म्हनून."

"चहा घ्या, दोन मिनिटांत काढून देते," मी म्हटलं. आणि खरंच, आडनावावरून त्याच्या आईचं कार्ड मला दोन मिनिटांत सापडलं. ह्यांच्या बारीक अक्षरात सगळं होतं: तिचं नाव, सासर केम, नणंदेनं ओळखलं, कपाळावर गोंदण. मी बायकांच्या फोटोंचा डबा उघडला. मधलाच एक फोटो हातात घेतला, पाटीवर सतरा. खालचा घेतला, त्याच्याही पाटीवर सतरा. तिसरा सतरा. कार्डावर आकडा नाही. फोटोमागे नाव नाही. मी डबा तळापर्यंत चाळला.

तो उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. डब्यात वाकून बघितलं आणि साधेपणानं विचारलं, "ह्यातली कुटली?"

मी सांगितलं, जरा शोधावं लागेल, पुढच्या महिन्यात या. त्यानं "व्हय" म्हटलं आणि पिशवीतून आणलेल्या शेंगा टेबलावर ठेवून गेला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. त्या मोजणाऱ्यांनी माणसांची नावं घालवली. ह्यांनी वीस वर्षं उन्हातान्हात हिंडून ती एकेक परत आणली. मी ती तीन महिन्यांत पुन्हा घालवली, तीही पंखा बंद करून. खोलीत खाली बसून मी रडले. मग ह्यांच्यावर चिडले, एवढा शहाणा माणूस, एक आकडा लिहिला असता तर काय बिघडलं असतं. मग चिडायलाही माणूस नाही म्हणून परत रडले.

रद्दीवाल्याकडे गेले, तर माल कधीच पुढे गेला होता. तो म्हणाला, "म्हावशी, तीन म्हयन्यांनी कोन इचारतंय का?" बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

मग मला टाचण्यांची भोकं सुचली. कार्डाच्या कोपऱ्यात दोन भोकं आणि भोवती गंजाचा डाग. तसाच डाग ज्या फोटोच्या कडेला, तो त्या कार्डाचा. भिंग घेऊन खिडकीशी बसायचे, कार्ड आणि फोटो एकावर एक धरून उजेडाकडे करायचे. जुळलं की क्षणभर जीव भांड्यात पडायचा. काही जोड्या अशा परत लागल्या. त्यांत केमचा एक गडी निघाला, त्याच्या मागे दगडी भिंत आणि भिंतीत कोनाडा. तीच भिंत, तोच कोनाडा चार तरण्या बायकांच्या मागे होता. म्हणजे चौघी केमच्या. चौघींच्या कपाळावर गोंदण. त्यांच्यातली एक त्याची आई, एवढं नक्की झालं. पुढचं मात्र होईना, कारण त्या कार्डाला भोकच नव्हतं. शेवटच्या दहा-बारा वर्षांत ह्यांनी टाचणीऐवजी प्लास्टिकच्या क्लिपा वापरल्या होत्या. टाचण्या गंजतात म्हणून त्या मीच बाजारातून आणून दिल्या होत्या.

काही मार्ग निघतो का म्हणून पुण्याच्या मॅडमना फोन केला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "कागद सरांनी ठेवले होते तसेच आहेत ना? तसे नसले तर त्यांतला अर्थच जातो." मी म्हटलं, "हो, तसेच आहेत." असं सरळ खोटं मी नोकरीतही कधी बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, "छान. फोटो तेवढे वेगवेगळ्या पाकिटांत घाला आणि वर नावं लिहा."

म्हाताऱ्याला चौघींतला कुठलाही एक फोटो द्यावा, असं मला रोज वाटत होतं. कोण येणार होतं तपासायला. तो आनंदानं गेला असता आणि मी सुटले असते. पण सांगितल्याप्रमाणे पुढच्या महिन्यात तो दारात आला तेव्हा माझं धाडस झालं नाही. मी चौघींना टेबलावर मांडलं आणि काय घडलं ते सगळं सांगितलं. माझ्या हातून घडलं, हेही सांगितलं.

"म्हंजे ह्या चौघींतली एक," तो म्हणाला.

"हो."

"कुटली त्ये तुमालाबी म्हाईत न्हाय."

"नाही."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं चष्मा पुसला, चारही चेहरे पुन्हा पुन्हा बघितले आणि मग माझ्याकडे वळला. "बाई, माजं नाक बगा की. कुनाशी जुळतंय?"

मी बघितलं. आधी नुसतं बघितलं, मग भिंग घेतलं. त्याला म्हटलं, जरा उजेडात बसा. टोपी काढा. हनुवटी वर करा. आता बाजूनं बसा. तो मुकाट्यानं सांगेन तसा वळत होता. मी त्याच्या नाकाची रुंदी बघत होते, गालाची हाडं बघत होते, आणि फोटोतल्या नाकांशी ताडून पाहत होते. मी काय करते आहे ते मला कळत होतं. ह्यांच्याच खोलीत, ह्यांच्याच टेबलाशी. तरी मी थांबले नाही, कारण दुसरं माझ्याकडे काहीच नव्हतं. दुसरीचं नाक जरा जुळत होतं. तिसरीचं कपाळ. नीट बघितलं की काहीच जुळत नव्हतं.

शेवटी त्यानंच दुसरीवर बोट ठेवलं. "हीच आसंल," म्हणाला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला माझ्याकडून एक शब्द हवा होता. त्याच्यासाठी तो केमहून दोनदा आला होता.

"हो," मी म्हटलं. "हीच."

त्यानं फोटो कपाळाला लावला. आम्ही रिक्षानं सात रस्त्याच्या चौकात जाऊन तिची कॉपी करून घेतली. त्यानं ती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि तिथंच, माणसांच्या गर्दीत, मला वाकून नमस्कार करायला निघाला. त्याला कसाबसा अडवला.

दुसऱ्या दिवशी मी पाकिटं करायला बसले. दुसरीच्या पाकिटावर त्याच्या आईचं नाव लिहिलं, ह्यांच्या कार्डावर बघून, एकेक अक्षर. पुढे प्रश्नचिन्ह घालावं असं वाटलं. घातलं नाही, त्या माणसाला मी हो म्हटलं होतं. पुण्याला जो कुणी हे पाकीट उघडेल तो ते नाव सरांच्या भरवशावर खरं मानेल. आणि उरलेल्या तिघींतली एक जर त्याची आई असली, तर तिला आता कुणी विचारायला येणार नाही. त्या तिघींच्या पाकिटांवर काय लिहावं ते सुचेना. शेवटी मी पाटीवरचे आकडे लिहिले आणि पाकिटं चिकटवली.