अण्णांच्या चौरंगाचं वय मी ठरवलं, त्याची गोष्ट

लाकडाचं वय मला नुसत्या वासावरून कळतं.

हे माझं स्वतःचं मत आहे. दुसऱ्या कुणाचं ते असल्याचं अजून तरी कानावर आलेलं नाही. कंपनीतून निवृत्त झालो, पेणला घरी बसलो, आणि बसल्या बसल्या मोबाइलवर जुन्या फर्निचरचे व्हिडिओ बघायला लागलो. तीन महिन्यांत मी तज्ज्ञ झालो! गडबला हायवेवरच्या दुकानातून एक मोडकी खुर्ची आणली आणि ‘ही ब्रिटिश काळातली’ असं जाहीर केलं. माझी बायको सुनंदा म्हणाली, “तिच्यावर बसून दाखवा.” मी बसलो. (डाव्या हाताला तीन आठवडे पट्टा होता. पण खुर्ची जुनी होती हे त्यामुळे सिद्धच झालं की नाही?)

ही कीर्ती रोह्यापर्यंत पोचली. पोचली म्हणजे मीच फोन करून पोचवली. रोह्याला, म्हणजे पुलापलीकडे अष्टमीत, सुनंदाचे थोरले भाऊ राहतात. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. गणपतीला दीड महिना असताना अण्णांचा फोन आला. “भावजी, ताबडतोब या. चौरंगाचा निकाल लावायचाय.”

अण्णांच्या आजोबांनी परसातल्या फणसाच्या लाकडाचा एक चौरंग स्वतःच्या हातानं केला होता. त्यांच्या घरचा गणपती दर वर्षी त्याच चौरंगावर बसतो. मूर्ती पेणजवळच्या जोह्याची. पद्धत अशी, की आपला चौरंग आधी कारखान्यात नेऊन द्यायचा आणि मूर्तिकारानं त्याच्यावरच मूर्ती बसवायची. आता नव्या सुनेचा पहिला गणपती, तिच्या माहेरची माणसं येणार, म्हणून वहिनींना चौरंगाला झकास पॉलिश हवं होतं. अण्णांना नको होतं. “आजोबांच्या हातची एवढी एकच वस्तू राहिलीय,” ते म्हणाले, “ती खराब झाली तर मला चालायचं नाय.” म्हणून निर्णय माझ्यावर!

मी सुनंदाला घेऊन गेलो तेव्हा माळ्यावरून काढलेला चौरंग ओटीवर ठेवलेला होता. काळाकुट्ट. शेजारी पॉलिशवाले इक्बालभाई बसले होते. त्यांचे दोन्ही भाऊ दुबईला, हे मात्र अष्टमीतच लाखेचं पॉलिश करत राहिलेले. चाळीस वर्षांचा हात. मी त्यांच्याकडे बघून, मोठा डॉक्टर कंपाउंडरकडे बघून हसतो तसा हसलो.

मग मी वाकलो. वास घेतला. बोटानं टकटक केली. डोळे मिटले.

“एकशे तीस वर्षं!” मी म्हणालो.

“अगो बाय!” वहिनी म्हणाल्या.

“एकही खिळा दिसतो का? नाही! आणि हा काळा थर म्हणजे मळ नव्हे वहिनी, ही या लाकडाची आयुष्यभराची कमाई आहे. पॉलिश तर सोडाच, याला ओलं फडकंसुद्धा लावायचं नाही!”

अण्णांचा चेहरा उजळला. पण चौरंग उचलून बघताना ते थबकले. “भावजी, जरा हलका वाटतोय हो.”

“वाटणारच! जुनं लाकूड वाळतं आणि हलकं होतं.”

“आनि पाय?” वहिनी म्हणाल्या. “आपल्या चौरंगाचे पाय असे नव्हते वाटतं.”

“वहिनी, दर वर्षी त्याच्यावर जरीचं कापड असतं. पाय तुम्ही पाहिलेत कधी?”

इक्बालभाईंनी दाढी खाजवली. “भाऊ, एक डाव पालथा करून बघूया का?”

“हां, बघाच,” अण्णा म्हणाले. “खाली आजोबांचं नाव कोरलेलं हाय.”

“खबरदार!” मी ओरडलो. “एवढे जुने जोड! पालथा केला तर पाय निखळून हातात येतील. आणि नावाचं काय घेऊन बसलात? नाव कुणीही कोरेल. लाकूड खोटं बोलत नाही!”

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं. सुनंदानं डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी चौरंग जोह्याला न्यायचा होता. टेंपो इक्बालभाईंचाच. मी चौरंग वहिनींच्या नव्या गोधडीत गुंडाळला आणि मागे हौद्यात त्याला मांडीवर घेऊन बसलो. खड्डा आला की मी वर, चौरंग माझ्या वर! नागोठण्यापर्यंत मांड्या बधिर झाल्या, पेणपर्यंत मला मांड्या आहेत हेच मी विसरलो. पुढे बसलेले अण्णा दर पाच मिनिटांनी विचारत होते, “बरा हाय ना?” मी प्रत्येक वेळी म्हणालो, “बरा आहे.” ते चौरंगाबद्दल विचारत होते हे मला हमरापूरच्या फाट्यावर समजलं.

कारखान्यात मूर्तिकार जनूभाऊ सोंडेला हात देत होते. भिंतीशी लोकांचे पाट आणि चौरंग ओळीनं लावलेले. त्यातला एक सोनेरी ऑइलपेंटनं असा चकाकत होता की बघवेना. मला उदाहरण आयतंच मिळालं!

“अण्णा, हे बघा,” मी त्या सोनेरी चौरंगावर पाय टेकवून म्हणालो, “आजकालचा माल! वय फार तर सहा महिने. ना जात ना जोड. असल्या वस्तू लोक देवाखाली ठेवतात, सांगा आता!”

जनूभाऊंनी तेवढ्यात माझ्या गोधडीतलं रत्न बाहेर काढलं आणि मी ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत सरळ पालथं केलं. कारखान्यात चौरंग कुणाचा हे खालचं नाव वाचूनच ठरवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

खाली मोठ्या अक्षरांत ‘म्हात्रे, अष्टमी’ असं रंगवलेलं होतं. नावाशेजारी दोन छापील बाण आणि एक काचेचा पेला. मालाच्या खोक्यांवर असतो तसा.

“ह्यो तर म्हात्र्यांचा,” जनूभाऊ म्हणाले. “माझ्याच धाकट्या भावानं ठोकलाय. कंपनीच्या खोक्याच्या फळ्या. खिळे दिसू नयेत म्हनून वरून लांबी भरली आनि मूर्तीचे डोळे आखायचा काळा रंग उरलेला, तो फासला. पाच वर्सं झाली असतील.”

एकशे तीसातून पाच! सव्वाशे वर्षं एका दमात गेली.

अण्णा मट्कन खाली बसले. “मग माझा? माझा कुठं हाय?”

जनूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. “पाय काढा जरा.”

मी पाय काढला. त्यांनी सोनेरी चौरंग पालथा केला. रंग फक्त वरून आणि बाजूंनी दिलेला होता. खाली जुनं पिंगट लाकूड, आणि त्यात पटाशीनं कोरलेलं अण्णांच्या आजोबांचं नाव.

अण्णांनी त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि मग पुढच्या बाजूचा सोनेरी रंग बघितला. त्यांचे डोळे भरून आले. मला इतकं वाईट वाटलं की तिथल्या एखाद्या मोठ्या मूर्तीच्या मागे जाऊन उभं राहावं.

जनूभाऊंनी म्हात्र्यांना फोन लावला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. विसर्जनानंतर चौरंग जड लागला, त्यांना वाटलं पाणी प्यायला असेल. काळा रंग उडालेला दिसला, म्हणून परवाच सोनेरी मारून पाठवला.

इक्बालभाईंनी टेंपोतून थिनरची बाटली आणली, चिंधी भिजवली आणि एक कोपरा हळूहळू पुसायला घेतला. सगळे श्वास रोखून बघत होतो. सोनं चिंधीवर आलं आणि खालून फणसाच्या रेषा वर आल्या, गडद, मधासारख्या!

“जान हाय अजून लाकडात,” इक्बालभाई म्हणाले. “अण्णा, ह्यो रंग काढायलाच लागेल. रंग उतरला की लाखेचा नुसता पातळ हात मारतो. आजोबांचं नाव हाय तसं ठेवतो. चार दिवस द्या.”

“घ्या! आठ घ्या!” अण्णा उठून उभेच राहिले. “जनूभाऊ, आमची मूर्ती शेवटी बसवा, पन ह्याच्यावरच बसवा!” त्यांनी इक्बालभाईंना मिठी मारली, जनूभाऊंना मिठी मारली. माझ्यापाशी आले आणि थांबले.

“पन भावजी, गेल्या वर्षी विसर्जनानंतर कुंडलिकेच्या घाटावरून चौरंग घरी कुणी आणला होता?”

मी मूर्तींचे डोळे बघू लागलो. सगळ्याच माझ्याकडे बघत होत्या.

“जावयाचा मान म्हनून तुम्हीच मागून घेतला होतात ना?”

होय. मीच. घाटावर शेकडो चौरंग, सगळे गुलालानं आणि चिखलानं माखलेले. मी त्यातला हलका बघून उचलला होता. माझी पाठ दुखत होती हो!

गणपती थाटात झाला. व्याह्यांनी चौरंगाचं इतकं कौतुक केलं की पॉलिश आपल्याच आग्रहामुळे झालं हे वहिनींनी त्यांना चार वेळा सांगितलं. विसर्जनाला चौरंग अण्णांनी स्वतः छातीशी धरून नेला आणि तसाच परत आणला. मला त्याच्या चार हात लांब ठेवलं होतं. माझ्याकडे फक्त खिरापतीचं पातेलं दिलं, खोबरं-साखर काठोकाठ भरलेलं. घाटावरच्या आरतीच्या वेळी ते खाली ठेवलं, आणि आरती संपते तो शेजारी तशीच आणखी चार पातेली!

पण मी काय दर वर्षी तीच चूक करणारा माणूस आहे? सगळ्यांच्या देखत पातेलं उचललं आणि खालचं नाव वाचण्यासाठी सरळ पालथं केलं.

पातेलं आमचंच होतं.