दाजी आणि गटाराचं तोंड

आमच्या साइटवर त्याला सगळे दाजी म्हणत. तो कंत्राटदाराच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कंत्राटदार दाजी म्हणायचा, म्हणून मुकादम, गवंडी, पाणी भरणारी बाईही तेच म्हणू लागली. "एवढे मेहुणे, पण जावयाचा मान एकाच्याही घरी नाही," असं तो स्वतःच हसून सांगे.

साइटवरची माती पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्यावरच्या गटारात जाऊ द्यायची नाही, हे त्याचं काम. गटार खालच्या तळ्याला मिळतं. आदल्या वर्षी गाळाने तळ्यातले मासे मेले आणि पालिकेने बांधकाम बंद पाडलं, तेव्हा मेहुण्याने त्याला नेमलं. पुन्हा गाळ गेला तर नोकरी गेली आणि नोकरीबरोबर साइटच्या कडेच्या राहत्या दोन खोल्याही. त्याही मेहुण्याच्याच.

या वेळी पायाच्या मातीचा ढीग नेमका गटाराला लागून पडला होता.

"दादा, ढीग मागे हलवा," दाजी मेहुण्याला म्हणाला.

"बघू रविवारी, दाजी. माती काय पळून जातेय?"

रविवार गेला. ढीग तिथेच.

मग दाजीने गटाराच्या तोंडाभोवती वाळूची पोती रचली. अशा बांधाला वरच्या बाजूला एक खाच ठेवायची असते. गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी खाचेतून निघून जातं. हे त्यानेच मजुरांना शिकवलेलं. पण ढिगाच्या धास्तीने त्याने खाच ठेवली नाही, उलट फटींत चिंध्या कोंबल्या.

दुपारी पाऊस कोसळला आणि पाणी गल्लीत तुंबलं. गल्लीच्या मागच्या सखल टोकाला पहिलं दार दाजीचंच.

"अहो, चपला तरंगायला लागल्या!" बायको दारातून ओरडली. "काढा ती पोती!"

"काढली तर सगळा ढीग तळ्यात जाईल."

"मग काय गाद्या जाऊ देऊ?"

समोरचा शिंपी शिलाई मशीन टेबलावर चढवत म्हणाला, "दाजी, गटार गावाचं आहे की तुमच्या सासऱ्याचं?"

दाजी गुडघाभर पाण्यात बांधाशी उभा राहिला. पोती काढवत नव्हती, ठेववत नव्हती. शेवटी त्याने फक्त वरचा थर एका जागी उचलला. गढूळ पाणी त्या खाचेतून हळूहळू सांडू लागलं आणि जाड गाळ मागे अडला. शिंप्याचा उंबरा वाचला. दाजीच्या खोल्यांत मात्र अंधार पडेपर्यंत घोटाभर पाणी होतं. तळ्याकडून तक्रार आली नाही.

रात्री मेहुणा येऊन ओल्या भिंती बघून गेला. सकाळी त्याने यंत्र बोलावून ढीग उचलला आणि साइटच्या मागच्या कोपऱ्यात, दाजीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला अगदी भिडवून टाकला.

"घ्या दाजी, हलवला. गटारापासून याहून लांब जागा साइटवर नाही."

खरंच नव्हती. नियमाप्रमाणे जागा बिनचूक होती.

आत भरदिवसा दिवा लावावा लागला. बायको म्हणाली, "अहो, उजाडलं की नाही हे आता कुणाला विचारायचं?"

"तुझ्या दादाला," तो म्हणाला आणि ढिगावर ताडपत्री ओढायला बाहेर गेला.