पूजेला बसलेले स्केट्स

माझ्या जावयाची बर्फावरची हॉकी मी बंद पाडली. घरात बायको सोडून सगळे समजतात की ती डोक्याला बसलेल्या फटक्यांनी बंद पडली. तसं नाही. ती मी बंद पाडली, आणि तीही हळदीकुंकवाने.

शेन आमचा आयरिश जावई. आमची मुलगी मृणाल डब्लिनच्या ब्युमॉन्ट इस्पितळात डॉक्टर, आणि हा बेलफास्टच्या संघात पगारी बचावपटू. (डब्लिनला बर्फाचं कायमचं मैदान नाही, म्हणून बिचारा दोन तास गाडी हाकत जायचा.) बचावपटूचं काम म्हणजे रबराची चकती गोळीसारखी सुटली की तिच्या आणि गोलाच्या मध्ये स्वतःला उभं करायचं. वय चौतीस. आणखी एका वर्षाचा करार टेबलावर होता, सही तेवढी बाकी होती.

तीन वर्षांपूर्वी नवरात्रात मी आणि बायको सुमन त्यांच्याकडे होतो. मी पिंपरीला कारखान्यात जन्मभर लेथ चालवलेला माणूस. खंडेनवमीला हत्यारं पुजल्याशिवाय मला चैन पडत नाही. मृणालचा जुना स्टेथोस्कोप पुजला, सुमनची सुरी पुजली. मग वाटलं, घरातलं खरं पोलाद तर जावयाच्या बॅगेत आहे. तो अंघोळीला गेल्यावर मी स्केट्स काढले, पाती पुसली, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि वरच्या खोलीत देवांपुढे ठेवले. पुजलेलं हत्यार त्या दिवशी हलवत नाहीत. सामना उद्या आहे असं मी धरूनच चाललो होतो. बॅगेची चेनसुद्धा लावून ठेवली. नीटनेटकेपणाची सवय!

सामना त्याच दिवशी होता. दुपारी मी झोपून उठलो तेव्हा शेन, बॅग आणि गाडी तिन्ही गेलेली.

"अहो, ते अजून देवापुढेच आहेत," सुमन म्हणाली.

"बघतो."

"बघताय काय? फोन करा त्याला."

"गाडी चालवत असेल. उगाच अपघात व्हायचा." (घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याची फार काळजी वाटते.)

पाचच्या सुमारास मृणाल ड्युटीवरून घरात शिरली आणि तिचा फोन वाजला. शेनच होता. बॅगेत स्केट्स नाहीत, जरा घरात बघ. तिने कोट काढेपर्यंत मी वर धावलो, बाहीने कुंकू पुसलं आणि स्केट्स जिन्याजवळच्या प्रेसमध्ये कोंबले. (तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. तीन महिन्यांत मी तेवढं शिकलो होतो.)

"अरे, प्रेसमध्येच आहेत की," मृणाल फोनवर त्याला म्हणाली.

फोन स्पीकरवर होता. मग शेन हळूच म्हणाला, "पण मी ते बॅगेत ठेवले होते. मला आठवतंय."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. पण सुमनने नुकतीच उपासाची खिचडी हातात दिली होती आणि माझ्या तोंडात घास होता. तेवढं कारण मला पुरलं.

शेन उसने स्केट्स घालून खेळला. ते अर्ध्या नंबरने लहान होते. परत आला तो अंगठे निळे करून. पण मृणालला अंगठ्यांची नव्हे, डोक्याची काळजी होती. त्या वर्षी त्याने डोक्यावर तीन फटके खाल्ले होते.

"काल सकाळी काय खाल्लंस?" तिने जेवताना विचारलं.

"तो भातासारखा पिवळा पदार्थ."

"पोहे! नाव आठव."

आयरिश माणसाला पोह्याचं नाव आठवेना, यावरून माझ्या मुलीने मेंदूच्या तपासणीची वेळ घेतली. तिथल्या डॉक्टरांनी महिने उलटे म्हणायला सांगितले, तर हा घाबरून सप्टेंबर गाळून बसला. मी बाहेर बाकावर मनातल्या मनात म्हणून पाहिले. माझे तर तीन गळले.

रिपोर्ट स्वच्छ आला. मला वाटलं, सुटलो. पण शेन म्हणाला, "मेंदूच्या फोटोत काही नाही आणि तरी मी विसरतो, म्हणजे हे फोटोत न दिसणारं काहीतरी आहे." त्याने करारावर सही केली नाही. आता तो लहान मुलांना शिकवतो.

"सांगा हो त्याला," सुमन म्हणते.

"सांगतो. जरा वेळ बघून."

"तीन वर्षं वेळच बघताय."

मृणाल म्हणते, झालं ते बरंच झालं, निदान हाडं शाबूत राहिली. मी ते वाक्य औषधासारखं रोज घेतो. पण आता पुन्हा त्यांच्याकडे आलोय, आणि परवा टीव्हीवर त्याच्या जुन्या संघाचा सामना लागला होता. पडद्यावर कोणी धडकलं की सोफ्यावर शेनचा खांदा हलायचा. मध्येच म्हणाला, "अजून एक वर्ष सहज खेळलो असतो." मी म्हणालो, "ग्रँड." (तिकडे कशालाही 'छान'ऐवजी एवढंच म्हणतात.)

त्याच्या फ्रीजवर अजून पिवळ्या चिठ्ठ्या असतात: 'स्केट्स बॅगेत', 'बॅग गाडीत', 'बॅगेत पुन्हा बघ'. पाणी प्यायला गेलो की त्या मला वाचाव्या लागतात.

म्हणून हा कागद. शुक्रवारी सकाळी तो त्या चिठ्ठ्यांमध्येच लावणार आहे. शेन, तू काही विसरला नव्हतास. तुझं डोकं उत्तम आहे; घोळ माझ्या डोक्यात होता.

शेनला मराठी वाचता येत नाही. मृणालला येतं, पण ती संध्याकाळी घरी येते, आणि आमचं परतीचं विमान दुपारचं आहे. घरातला एक बचावपटू निवृत्त झाला. दुसरा अजून खेळतो आहे.