वहिनीच्या बायोडाटातली ओळ

पोह्याचा पापड तळल्याचा वास आला की मला पेणच्या एस.टी. स्टँडजवळचं झेरॉक्सचं दुकान आठवतं. रोह्याच्या कंपनीने वहिनीला लॅबमधून कमी केलं होतं आणि त्यानंतर वर्षभर ती घरी पापड लाटून विकत होती. तिचा बायोडाटा टाइप करणारा म्हणाला, "कंपनी सोडल्याची तारीख पुढे ओढतो, मधलं वर्ष दिसणार नाही, कोण बघतंय." मी मान डोलावली, पण वहिनी शांतपणे म्हणाली, "नाय रे. कंपनीने कमी केलं, असंच लिही. पापड लाटले, ते पण लिही. बसून नाय खाल्लं मी." दोन साहेबांनी ती ओळ वाचून तिला परत पाठवलं, तरी तिने ती खोडली नाही, तिसऱ्याने कामावर घेतलं. परवा माझा बायोडाटा लिहिताना, नोकरी गेल्यानंतरच्या वर्षापुढे मी लिहिलं: रिक्षा चालवली.