फ्रेंच गोलकीपर आणि दहाव्याचा कावळा

मी कंपनीच्या टीमचा गोलकीपर होतो, म्हणून टीव्हीवरचा एक फ्रेंच गोलकीपर मला आवडायचा. तो खेळणं सोडून कोच झाला, तेव्हापासून बायकोही बघायला बसायची. "तुमच्यासारखाच कडेला उभा राहून नुसता बोंबलतो," म्हणायची. त्याची टीम खालच्या गटात घसरते की काय, ह्याचा घोर माझ्यापेक्षा तिलाच. शेवटची मॅच बाकी असताना ती गेली.

दहाव्याला कल्याणच्या खाडीवर कावळा तिच्या पिंडाला शिवेना. माणसाची इच्छा राहिली असली की कावळा येत नाही म्हणतात. मुलगा हात जोडून म्हणाला, "आई, बाबांना ठाकुर्लीत एकटं ठेवणार नाही." कावळा झाडावरच. मेहुणा मला म्हणाला, "दाजी, तुम्ही बोला की काहीतरी."

मी खरं तेच सांगितलं. "अगं, ते हरले. त्याला काढून टाकला."

"इथंपण फुटबॉल?" मेहुणा खेकसला.

कावळा हललाच नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि लोक पांगले. एवढी वर्षं ती माझ्या शेजारी बसली. तिला काय हवं होतं ते मला सांगता आलं नाही, आणि आता विचारायचं कुणाला.