मखर का डोला

आमच्या घरी एकदा पुठ्ठ्याचं भलंमोठं खोकं आलं. तेव्हा जालन्याला माल यायचा तो लाकडी पेट्यांतून नाहीतर गोणपाटातून. पुठ्ठ्याचं एवढं मोठं खोकं म्हणजे नवलच. वडिलांनी ते ओळखीच्या दुकानदाराकडून मागून आणलं होतं. कशाला, ते त्यांनाही सांगता येईना. गणपती तोंडावर आले होते. मी म्हटलं, मी मखर करते. आई म्हणाली, कर बाई, तेवढीच घरात शांतता.

शांतता कसली! विळीवर पुठ्ठा कापून मी धार घालवली आणि आईनं माझा उद्धार केला. खळ शिजवली, ती करपली. तरी मी खोक्याचा तळ काढला, समोर कमान कापली, चार कोपऱ्यांना चार मिनार, वर घुमट, आणि सगळ्यावर पतंगाचा हिरवा-तांबडा कागद नि बेगड. इतकं सजवलेलं मी तोवर एकच पाहिलं होतं, मोहरमला आमच्या गल्लीतून निघणारे डोले, म्हणजे ताबूत. माझ्या हातून दुसरं काय होणार?

वडिलांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. "हे मखर आहे का डोला?"

मला राग आला. पण खरं म्हणजे मलाही नीट कळेना.

"वाळू तर द्या, मंग ठरवा," म्हणत आईनं ते ओट्यावर उन्हात ठेवलं.

तो बाजारचा दिवस होता. अंबडकडच्या कुठल्याशा खेड्यातली एक बाई रस्त्यात थबकली. पायातल्या वहाणा काढून ओट्याशी आली आणि तिनं माझ्या खोक्याला हात जोडले. कडेवरचं पोर मान टाकून पडलं होतं.

"माय, लेकराचा ताप उतरून न्हाई राह्यला. हकीम झाला, अंगारा झाला. आमच्या गावचे डोले तर कवाच नदीत बुडवून थंडे केले. म्हनलं, आता कुठं जावं? तुमच्याकडं एक राह्यला बघा. जरा उचला, खालून काढते लेकराला."

आजारी मूल डोल्याखालून न्यायची रीत आमच्याकडे सगळ्यांचीच. हिंदू का मुसलमान, कोणी पाहत नसे. पण हा डोला कुठे होता? खोकं होतं! मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "ती बाजू धर. बराबर धर."

आम्ही उचललं. खळ अजून ओली होती. पोराला छातीशी धरून बाई वाकली, खालून गेली, परत आली, ओट्यावर गुळाचा खडा ठेवून चालू लागली.

"तिला सांगितलं का न्हाईस?" मी विचारलं.

"काय सांगू? अंग पाह्यलंस का त्या लेकराचं? तवा झाल्ता नुसता."

मी भयंकर घाबरले. पोराचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या खोक्यामुळे का? आणि वाचलं तर कोणामुळे? वडिलांना निराळाच घोर. आता यात गणपती बसवावा कसा? "मंग काय थंडा करता?" आईनं विचारलं. चतुर्थी आली, दुसरं मखर नव्हतं, गणपती त्यातच बसला. आरतीला टाळ्या वाजवताना मला सोंडेऐवजी त्या पोराची लोंबती मान दिसे.

पुढच्या बाजाराला ती बाई आली. मी आधी तिच्या कडेवर पाहिलं. पोर होतं! तिच्या गळ्यातली पोत चघळत होतं. माझा जीव भांड्यात पडला, पण तिथं फार टिकला नाही. कारण हातात नारळ घेऊन ती डोल्याच्या पाया पडायला सरळ आत निघाली. आई दारात आडवी उभी राहिली. बाईनं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. तेच मिनार, तोच घुमट, आणि खाली गणपती.

ती बघतच राहिली. मग आईच्या बाजूनं आत शिरली, आणि कोणी काही म्हणायच्या आत तिनं गणपतीच्या कपाळाला पालथा हात लावून पाहिला.

"का रं देवा," ती म्हणाली, "तुला बी ताप आल्ता का?"