तळाचं पेट्रोल

"यादव, आटप रं. तोफा माझ्यासाठी थांबल्यात."

कॅप्टन शेळके विमानातून ओरडत होते. सकाळचे सहा दहा. मी पंखाखाली, हातात रिकामी बाटली, भोवती तोफखान्याचे सहा जवान. आमच्या कडेगावच्या म्हशीनं येरळा नदी कशी पिऊन टाकली, ते मी सांगत होतो. म्हणूनच ती अजून कोरडी, हा शेवट तेवढा राहिला होता.

साहेब लोणंदचे, आमच्याच मुलखातले. मी त्यांच्या विमानाचा मेकॅनिक, लान्स नाईक. एअर ओपीत, म्हणजे तोफांसाठी वरून टेहळणी करणाऱ्या तुकडीत, सुरुवातीला जे तोफखान्याचे अधिकारी उडायला शिकले, त्यांतले ते एक. लोखंडी नळ्यांवर कापड ताणलेलं विमान, बंदूक नाही. शत्रूच्या डोक्यावर घिरट्या घालायच्या आणि आपल्या तोफांना रेडिओवर नेम सांगायचा. "लेफ्ट टू हंड्रेड. ड्रॉप फोर हंड्रेड." आवाज असा, जणू बाजारात कांद्याचा भाव विचारतायत. साहेब वरून शत्रूच्या ताटातली भाजी ओळखायचे, असं मी गावभर सांगितलंय. ती थाप. तिसऱ्या गोळ्याला नेम बसवायचे, एवढं खरं.

रोज पहिल्या उड्डाणाआधी टाकीच्या तळातून बाटलीभर पेट्रोल काढायचं. थंडीत टाकीत पाणी धरतं आणि तळाला बसतं; ते इंजिनात गेलं की इंजिन बंद. बाटलीत ते दिसलं, तर स्वच्छ पेट्रोल येईस्तोवर काढत राहायचं. मिनिटभराचं काम. मग रजिस्टरवर सही.

"पाणी?" साहेबांनी विचारलं.

"क्लिअर, साहेब."

एरवी ते बाटली स्वतः बघायचे. त्या दिवशी घाई होती, आणि गाववाल्याचा शब्द होता.

विमान सुटलं. मी गोष्टीचा शेवट केला. जवान लय हसले.

सहा सतराला धावपट्टीवरच्या रेडिओ सेटवर साहेबांचा आवाज आला. "इंजिन रफ. परत येतोय." मग, "इंजिन बंद." मग नुसती खरखर.

विमान पलीकडच्या उसात पडलं. पहिला मी पोचलो. साहेब गेलेले होते. डावी टाकी शाबूत होती. तिचा नळ उघडला. आधी पाणी आलं, बरंच, मग पेट्रोल. मी त्यावर पायानं माती ओढली.

चौकशीत मेजरसाहेबांनी विचारलं, "एनिमी फायर?" पंखाला परवाच्या दोन गोळ्यांची भोकं होतीच. मी म्हणालो, "येस सर." त्यांनी लिहून घेतलं.

रिटायर होऊन गावी आलो. पारावर दोन गोळ्यांच्या वीस झाल्या, विसाची मशीनगन झाली. पोरं तोंड उघडं टाकून ऐकायची, माझीही छाती फुगायची. घरी जाऊन ताट मात्र तसंच सारायचो. खरं काय झालं, ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आता ब्याऐंशी सरलं. मागच्या महिन्यात एसटीनं लोणंदला गेलो. साहेबांची धाकटी बहीण ताराबाई दारात लसूण सोलत बसली होती. बाटलीपासून मातीपर्यंत सगळं सांगितलं. पहिल्यांदाच काही न वाढवता. तिचा हात थांबला नाही.

"आवं ताई, तुमच्या दादांना गोळी लागलीच न्हवती," मी म्हणालो. "मी मारलं त्यांस्नी."

तिनं पाकळीचं साल काढून सुपात टाकलं.

"चौकात दादाच्या नावाचा दगड हाय, त्यावर 'शत्रूच्या गोळीनं' असंच कोरलंया," ती म्हणाली. "आता ऱ्हाऊ द्या."